वरचे की खालचे

शनिवारी सकाळी माझी बायको वारली. ती मशीनवर बसली होती. सुई कापडात होती आणि पाय पायडलवर होता. मी आतल्या खोलीत वाचत होतो. मशीन थांबलं ते मला कळलं नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं हाक मारली तेव्हा मी उठलो.

वर्ध्याजवळ सेलूला आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं काम, मधल्या खोलीत स्वयंपाक, मागच्या खोलीत माझी पुस्तकं. मी शाळेत ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर गावातल्या वाचनालयात दुपारी दोन ते पाच बसायला लागलो. पगार नाही, पण खुर्ची होती आणि सवय होती. रात्री जेवताना मी वाचलेलं काहीतरी तिला सांगत असे. ती हं हं करत ऐकायची आणि भाकरी वाढायची. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिनं एवढ्या वर्षांत एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही, असं मी पाहुण्यांना हसून सांगत असे. तीही हसायची.

तेरवीच्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकतात. छत्री, चपला, अंथरूण, तांब्या हे सगळं गुरुजींना गेलं. साड्या नात्यातल्या बायकांनी वाटून घेतल्या. फोन उरला होता. मुलगी म्हणाली, आईच्या मदतनीस बाईंना द्या, त्यांचा फुटलेला आहे. या बाई केळझरच्या पलीकडल्या एका गावाहून रोज यायच्या, काज-बटण आणि तुरपाई करायच्या. नऊ वर्षं येत होत्या. घरी त्यांची भाषा गोंडी, आमच्याकडे वऱ्हाडी. बायकोला त्या ताई म्हणायच्या आणि मला भाऊजी.

फोन देण्याआधी मी तो बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेलो. शाळेत जुनी पुस्तकं बाद करताना नियम होता. आधी रजिस्टरमधून नाव काढायचं, मग पहिल्या पानावर ‘निर्लेखित’ असा शिक्का मारायचा, मगच पुस्तक बाहेर द्यायचं. शिक्का न मारता दिलेलं पुस्तक पुन्हा कपाटात येऊन बसतं आणि मोजणीत घोळ होतो. तीस वर्षं मी हे केलं होतं. कुणाला काही द्यायचं तर ते स्वच्छ करून द्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुकानदारानं विचारलं, “काकाजी, अंदरचं काई काढून घ्यायचं हाये काय? फोटो-गिटो?”

“मुलीनं फोटो घेतले आहेत. सगळं पुसून टाका.”

“सगळं? पक्कं?”

“सगळं.”

त्यानं माझ्यासमोरच पुसलं. दोन-तीन मिनिटं लागली. संध्याकाळी मी फोन खोबऱ्याच्या वाटीसह बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी, एक माणूस दारात उभा राहिला. पस्तिशीचा असेल. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मी त्या दिवसांत वाचनालयात जात नव्हतो.

“शिलाईवाल्या काकू इथंच राह्यतात न जी?”

मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. “कपडे न्यायचे असतील तर नाव सांगा. मी शोधून देतो.”

“नाई, कपडे नाई. काकूले भेटाचं होतं.”

“ती गेली.”

“कुठं गेल्या?”

सेलूत हे मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला. “वारली. अठरा दिवस झाले.”

तो पायरीवर खाली बसला. बसल्यावर त्यानं चपला काढल्या. मिठाईचा पुडा कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्यानं तो स्वतःच्या मागे लपवला.

“तरीच,” तो म्हणाला. “तरीच काकू अठरा दिवसापासून आल्या नाईत. आम्ही म्हटलं, लगीनसराई हाये, ब्लाउजाची गर्दी असन.”

“तुम्ही कोण?”

“मी पुलगावचा. कापडाचं दुकान हाये आमचं. काकूच्या दलातला.”

“भजनी मंडळातले का?”

“नाई जी,” तो म्हणाला. “लढाईतला.”

मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. त्यानं जे सांगितलं ते मला पहिल्या वेळी समजलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा समजलं, पण माझ्या घराशी त्याचा संबंध लागेना.

फोनवर एक खेळ आहे. त्यात एक मोठा डोंगर आहे. डोंगरावर तळं आहे आणि तळ्याकाठी गडावर राहणारे लोक आहेत. तळ्याचे दरवाजे त्यांच्या ताब्यात. डोंगराच्या पायथ्याशी दुसरे लोक राहतात. त्यांच्याकडे शेती, कापूस, माग. पाण्यासाठी दोघांत तीन पिढ्या युद्ध चालतं. राक्षस आहेत, मंत्र आहेत, बोलणारे पक्षी आहेत. खेळणारानं एक बाजू निवडायची. खेळाच्या हिंदी रूपात दोन्ही बाजूंना लांबलचक संस्कृत नावं आहेत. माझ्या बायकोनं ती पहिल्याच आठवड्यात टाकून दिली होती. ती म्हणायची वरचे आणि खालचे. तिचं ऐकून सगळेच तसं म्हणायला लागले.

सगळे म्हणजे चाळीसेक माणसं. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, नागपूर, यवतमाळ. दुकानदार, नर्स, एक बसचा कंडक्टर, कॉलेजातली मुलं-मुली. यांचा फोनवर एक गट होता. लढाया तर ते खेळायचेच, पण गट त्यासाठी नव्हता. गट एका प्रश्नासाठी होता. खेळ हे कुठेच सांगत नाही की शेवटी कोण जिंकलं. युद्धानंतर हजार वर्षांनी तो सगळा मुलूख ओसाड पडलेला दाखवला आहे. खेळणारानं पडक्या भिंतीतून फिरायचं. कुठे भांडं सापडतं, कुठे लहान मुलाचं अंगडं, कुठे तलवार. प्रत्येक वस्तूवर दोन-दोन ओळी लिहिलेल्या. त्यांवरून ज्यानं त्यानं इतिहास जुळवायचा.

“अन् काकूएवढं कोणालेच दिसत नव्हतं,” तो म्हणाला. “आम्ही तलवारी पाहो, काकू कपडे पाहे.”

मी म्हणालो, “तुमचा काहीतरी गैरसमज होतो आहे. आमच्या घरी असं कुणी...”

त्यानं फोन काढला आणि काकूंचा एक बोललेला मेसेज लावला.

“अरे पोट्टेहो, भांडू नका. झेंडा कोनाचा हाये ते पाहू नका. शिवला कोनं ते पाहा. चित्र कोनीबी काढते. शेवटच्या गडावरच्या झेंड्यावर तळं काढलं हाये, म्हंजे चित्र वरच्याईचं. पन काठ पाहा. तिरपी तुरपाई हाये. वरचे सरळ टाका घालतेत, म्या त्याईचे तीन अंगरखे पाह्यले. तिरपा टाका खालच्याईचा. म्हंजे गड खालच्याईनं घेतला. थांबा, बाई आली ब्लाउजाले, मंग बोलतो.”

मागे मशीनचा आवाज होता. रस्त्यावरून गेलेल्या टमाटेवाल्याची हाक होती. ते माझंच घर होतं.

तो मेसेज संपला तसा पुढचा आपोआप सुरू झाला. कुणीतरी तिला विचारलं असावं की काकू, तुमच्या घरचे कोणाच्या बाजूनं.

“आमच्या घरी एक वरचे हायेत न,” ती म्हणत होती. “पुस्तकाईच्या गडावर बसून राह्यतेत. खाली पानी सोडत नाईत.” मग तिचं हसू. आणि तिच्याबरोबर आणखी एका बाईचं हसू.

पुलगावच्या माणसानं घाईघाईनं फोन बंद केला. “गंमत होती जी ते. काकू तुमच्याबद्दल लई चांगलं बोले.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“पाच वर्षं होतेत आता.”

मी मुलीला पुण्याला फोन लावला. खेळाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मीच तिच्या फोनमध्ये घालून दिला होता, बाबा. टाळेबंदीत. आम्ही दोघी खेळायचो. मी दोन महिन्यांत सोडला. आई अजून खेळते... खेळत होती हे मला माहीत नव्हतं.” मग म्हणाली, “तुम्हाला कसं माहीत नाही? तुम्ही तर घरात होता.”

मी दुपारी दोन ते पाच घरात नव्हतो. बाकीचा वेळ होतो.

तो माणूस ज्या कामासाठी आला होता ते त्यानं मग सांगितलं. झेंड्यावरून गटाचे दोन भाग पडले होते. वरच्यांच्या बाजूनं खेळणाऱ्यांना काकूंचं म्हणणं पटलं नव्हतं. दोन वर्षं वाद चालला. शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं, पुलगावला, त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. काकूंनी तिथे शेवटचं सांगायचं आणि ते दोन्ही बाजूंनी मानायचं. तारीखही ठरली होती. येत्या रविवारी.

“अन् काकू वारल्या त्याच्या दहा-बारा दिवस आधी त्याईचा हा मेसेज आला,” तो म्हणाला आणि आणखी एक मेसेज लावला.

“मले अजून एक दिसलं. आता नाई सांगत. पुलगावले सगळ्याईसमोर सांगीन. रेकाड करून ठेवून राह्यली मी सगळं. तिथं बोलता-बोलता घाबरली तं तेच लावून देजो.”

आवाज नेहमीसारखा नव्हता. हसू नव्हतं.

“ते रेकॉर्डिंग काकूच्या फोनात असन,” तो म्हणाला. “काकाजी, ते मिळालं तर लई होईन. आता तर अजूनच. आम्ही लावू तिथं. सगळे ऐकतीन.”

“फोन दानात दिला.”

“मंग त्याईले म्हणा न, एक घंट्यासाठी...”

“दान परत मागत नाहीत.”

“परत नका मागू. मी येतो न संगं. फक्त रेकॉर्डिंग काढून घेऊ.”

“ते नाही,” मी म्हणालो. “मी देण्याआधी सगळं पुसून घेतलं.”

माझं वय आणि माझ्या घरातलं दुःख, दोन्हींचा मान राखून त्याला जेवढं बोलता येत होतं तेवढंच तो बोलला. “काय केलं जी काकाजी.”

जाताना मिठाईचा पुडा पायरीवरच राहिला. काकूंसाठी आणलेला होता. मी तो उघडला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना दिला.

दोन दिवस मी मोबाइलच्या दुकानाच्या फेऱ्या मारल्या. दुकानदारानं नागपूरला कुणाला तरी विचारलं. तिकडून उत्तर आलं की अशा प्रकारे पुसलेलं परत येत नाही. “मी तुम्हाले विचारलं होतं, काकाजी,” तो म्हणाला. त्यानं खरंच विचारलं होतं.

शुक्रवारी मी केळझरची बस पकडली. दान परत मागायला जात नव्हतो. फोनमध्ये चुकून काही उरलं आहे का, एवढं विचारायला जात होतो. पण बसमध्ये मला आपण चोरी करायला निघालो आहोत असं वाटत होतं. केळझरला उतरून टेकडीच्या मागच्या अंगाला पुढे ऑटोनं जावं लागतं. नऊ वर्षं बाई रोज या वाटेनं येत होत्या. मी त्या वाटेनं पहिल्यांदा गेलो.

बाई अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून त्या उभ्या राहिल्या आणि आत काहीतरी गोंडीत ओरडून बोलल्या. आतून त्यांच्या सासूबाई खाट घेऊन आल्या. बाईंचा नवरा जंगलखात्याच्या मजुरीवर गेला होता. फोन सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यावर कुणाचं तरी लग्न चाललेलं दिसत होतं. आवाज मोठा होता. सासूबाईंनी तो माझ्यासाठी कमी केला नाही.

चहा झाला. मी पुलगावच्या माणसाचं सांगितलं, त्यानं ऐकवलेल्या मेसेजांचं सांगितलं, रेकॉर्डिंगचं सांगितलं, मी काय केलं तेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग फोन कायले पाह्यजे?” त्या म्हणाल्या. “मले विचारा न, भाऊजी.”

“तुम्हाला काय विचारू?”

“कोन जिंकलं ते.”

मी खाटेवरून उठून उभा राहिलो.

“ताई रोज मले सांगे न. डोळे मोबाइलात, तोंड चालू. माहे हात काज-बटनात अन् कान तिच्याकडं. काई दिसलं की पहिले मले सांगे, मंग त्या पोट्ट्याईले. तुम्ही दोन वाजता बाहीर पडले का आमचं सुरू.” त्या जरा हसल्या आणि लगेच थांबल्या. “त्या मेसेजात दुसरी हासते न, ते मी हाये.”

“कोण जिंकलं मग?”

“वरचे.”

“वरचे? पण ती तर खालच्यांच्या बाजूची होती. तिनंच सिद्ध केलं होतं की झेंडा खालच्यांनी शिवला.”

“शिवला त्याईनंच. पन आपल्यासाठी नाई शिवला.” बाईंनी सूप बाजूला ठेवलं. “खालचे लोक आपल्या घरचं काई शिवतेत तं एका कोपऱ्यात एक टाका लाल घालतेत. लेकराच्या अंगड्यात हाये, म्हातारीच्या लुगड्यात हाये, नांगराच्या दोरीच्या पिशवीत हाये. नजर लागू नये म्हनून. आपन नाई काय काळा घालत? गिऱ्हाइकाच्या कपड्यात कोनी घालते काय? नाई घालत. ते ज्याच्या त्याच्या घरचं काम हाये. ताई एक दिवस त्या झेंड्याचा कोपरा मोठा करून पाहे. चार कोपरे पाह्यले. लाल टाका नाई. मंग मशीन बंद करून बसली. म्हने, अवं, हे तं गिऱ्हाइकाचं काम हाये. आपल्याच सारखं. खालचे हरले अन् वरच्याईचे झेंडे शिवत बसले. आपन एवढ्या लोकाईचे ब्लाउज शिवले, ते आपले झाले काय?”

सासूबाईंच्या फोनमध्ये वरात आली होती. सनई वाजत होती.

“तिनं मग गटाला का नाही सांगितलं?”

“कशी सांगते? म्हने, पोट्टे दोन वर्षापासून माह्या भरोशावर भांडून राह्यले. आता मीच सांगू का तुम्ही हरले? चार दिवस तिले जेवन गेलं नाई. तुम्हाले नाई सांगलं?”

चार दिवस ती जेवली नव्हती ते मला आठवलं. मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, पोट दुखते. मी तिला ओवा दिला होता आणि पुन्हा पुस्तक उघडलं होतं.

“तिला दुसरं काही होत होतं का?” मी विचारलं. “छातीत वगैरे?”

“नाई, भाऊजी. ते मनाचं होतं. चौथ्या दिवशी म्हने, सांगावंच लागन, शिलाई जे म्हनते ते म्हनते. अन् बोलून घेतलं फोनात. मंग जेवली. भात-वरन. मीच वाढलं. गेली ते त्याच्या नंतर दहाक दिवसानं.” त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. “तुमचा काळा टाका तं तुम्हाले माहीत असन.”

मला माहीत नव्हता. बाई पुढे झाल्या, माझ्या शर्टाचा खालचा काठ त्यांनी उलटा केला आणि शिवणीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. पांढऱ्या दोऱ्यात एक काळा टाका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

“सगळ्याईत हाये,” त्या म्हणाल्या. “लग्नापासून.”

मी खाटेवर बसलो. सासूबाई गोंडीत काहीतरी म्हणाल्या. बाईंनी सांगितलं, पाणी प्या म्हणतात.

रविवारी मी पुलगावला जावं की नाही हे ठरवता येत नव्हतं. पुलगावच्या माणसाला फोन करून सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिनं समोर सांगायचं कबूल केलं होतं आणि तिचं सांगणं मी पुसलं होतं. बाईंना विचारलं, तुम्ही याल का. त्या म्हणाल्या, “मीच सांगतो. तुम्हाले टाका समजत नाई.”

एसटीनं वर्धा, तिथून पुढे दुसरी गाडी. बाईंनी पिशवीत दोन कापडं घेतली होती. त्यांच्या पुतणीचं झबलं आणि एका गिऱ्हाइकाचा अर्धवट ब्लाउज.

दुकानाच्या वरच्या खोलीत कापडाचे तागे भिंतीला लावून जागा केली होती. वीस-बावीस माणसं सतरंजीवर बसली होती. मी आत गेलो तसे सगळे उभे राहिले. एक नर्स बाई पुढे येऊन माझ्या पाया पडली. मला काय करावं कळेना. या माणसांना माझ्या बायकोचा आवाज माहीत होता आणि चेहरा नाही. मला उलटं झालं होतं असं म्हणता येणार नाही, पण त्या खोलीत मला तसं वाटलं. एका तरुण मुलीनं विचारलं, “काकू दिसायला कशा होत्या?” माझ्या पाकिटात फोटो नव्हता. बाई म्हणाल्या, “ठेंगनी. चष्मा नाकावर. बोटाले शिवाचं अंगुस्तान.”

मग त्यांनी सांगितलं. उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच सांगितलं. झबलं उलटं करून काळा टाका दाखवला. ब्लाउज उलटा करून दाखवलं की त्यात नाही. दोन्ही कपडे हातोहात फिरले. कंडक्टरनं झबलं नाकाजवळ नेऊन पाहिलं. मग बाई म्हणाल्या, “आता तुमचा झेंडा पाहा.”

सगळ्यांनी फोन काढले. मी पुलगावच्या माणसाजवळ बसलो होतो. त्याच्या फोनवर दगडी गड आला, अंधारी खोली आली, मग झेंडा. निळं तळं, भोवती डोंगर. त्यानं दोन बोटांनी कोपरा मोठा केला. तिरपे टाके दिसू लागले, एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. पहिला कोपरा. दुसरा. तिसऱ्याला त्याचं बोट थांबलं, पण तो कापडाचा डाग निघाला. चौथा.

“नाई हाये,” तो म्हणाला.

“माह्याबी नाई,” पलीकडून कंडक्टर म्हणाला.

वरच्यांच्या बाजूनं खेळणारी पाच-सहा जणं होती. ती जिंकली होती. त्यांनीही फोन खाली ठेवले. एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, “मतलब एवढे दिवस आपण ज्याच्यावर नाचून राह्यलो, त्यानंच हरवलं आपल्याले.”

“काकूनंच दाखवलं अन् काकूनंच घेतलं,” पुलगावचा माणूस म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. खेळासाठी की तिच्यासाठी, हे मी ओळखू शकलो नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. “काकाजी, हे खोटं तं नाई न? काकूनं खरंच असं म्हटलं होतं?”

“मी ऐकलेलं नाही,” मी म्हणालो. “ते माझ्याकडून पुसलं गेलं. मला ह्यांनी सांगितलं.”

मी हे वाक्य मनात बरेचदा म्हणून पाहिलं होतं. मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. नर्स बाईंनी फक्त बाईंना विचारलं, “काकूनं स्वतः सांगतलं असतं तं कसं सांगतलं असतं?”

बाई विचार करू लागल्या. “पहिले हासली असती,” त्या म्हणाल्या. “मंग म्हनली असती, हरले तं हरले, पहिले जेवून घ्या.”

तेव्हा लोक हसले आणि रडले. मला दोन्ही जमलं नाही. खाली त्या माणसाच्या घरच्यांनी स्वयंपाक केला होता. आम्ही जेवलो. वरचे आणि खालचे एकाच पंगतीला बसले, मुद्दाम नव्हे, जागाच तेवढी होती. जेवताना एकदा वाद सुरू झाला की पाऊस-वाऱ्यानं हजार वर्षांत एक टाका निघून गेला नसेल कशावरून. बाई म्हणाल्या, बाकीचे टाके जागेवर आहेत, तोच एक कसा जाईल. वाद तिथेच संपला.

परतीच्या गाडीत बाईंना झोप लागली. मी खिडकीबाहेर पाहत बसलो होतो. पाच वर्षं माझ्या घरात एक युद्ध चाललं होतं आणि ते हरण्याचं दुःख एका माणसानं माझ्यासमोर बसून, ओवा खाऊन, एकटीनं काढलं होतं. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की ज्याला वाचता येतं त्याला माणूस कळतो. हे वाक्य मी पुन्हा कुणाला सांगितलेलं नाही.

बाई आता आमच्याकडे येत नाहीत, काम उरलं नाही. केळझरला एका दुकानात त्या तुरपाई करतात. फोन त्यांच्याकडेच आहे, मी तो पुन्हा पाहिलेला नाही. गटातल्या लोकांनी वरचे जिंकले असं मान्य केलं आहे आणि खालच्यांच्या बाजूनं खेळणं सोडलेलं नाही.

तिनं फोनमध्ये बोलून ठेवलं होतं ते कुठेही नाही. पुलगावच्या माणसानं तिचे जुने मेसेज मला पाठवले. एकशे अठरा आहेत. मी एकोणचाळीस ऐकले आहेत.